लेखक सरळ का सांगत नाही?

कथा शिकवून संपली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, लेखकाला जे म्हणायचं होतं ते त्यानं सरळ का नाही सांगितलं?" हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा गणित-विज्ञानात बरा असतो. त्याला आपण सहसा "त्यातच तर सौंदर्य आहे" असे काहीतरी सांगून खाली बसवतो. विज्ञानाच्या तासाला असे उत्तर आपण स्वीकारले नसते. पाण्यात टाकलेली काठी वाकडी का दिसते, या प्रश्नाला "त्यात निसर्गाची किमया आहे" हे काही उत्तर नव्हे. मग साहित्याच्या तासाला तेवढी सूट का घ्यावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा एक प्रयत्न.

दोन प्रकारची चिन्हे

विज्ञानातही चिन्हे आहेतच. १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने मूलद्रव्यांसाठी लॅटिन नावांची आद्याक्षरे वापरण्याची पद्धत सुचवली. लोखंडाचे लॅटिन नाव 'फेरम', म्हणून त्याचे चिन्ह 'एफई'. ते खिळ्यात असो, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असो की उल्केत, चिन्ह तेच आणि अर्थही तोच. एका चिन्हाचा एकच अर्थ, आणि तो सर्वांनी आधी मान्य केलेला, हेच या पद्धतीचे बळ.

कथेतल्या प्रतीकाचे तसे नाही. कथेतल्या चुलीचा अर्थ कोणत्याही परिषदेत ठरलेला नसतो. तो त्या कथेत, त्या जागी तयार होतो. दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. रसायनातले चिन्ह लोखंडाऐवजी येते, त्याने खिळा ठोकता येत नाही. कथेतली चूल मात्र आधी खरोखरची चूल असते. तिच्यात गोवऱ्या जळतात, तिच्यावर भाकरी भाजते. जी चूल नीट पेटत नाही, तिच्यातून दुसरा अर्थही निघत नाही.

परीक्षेच्या मार्गदर्शकांत आढळणारी 'चूल म्हणजे दारिद्र्य, पिंजरा म्हणजे पारतंत्र्य' अशी यादी म्हणूनच फसवी ठरते. तिने कथेतल्या प्रतीकाला मूलद्रव्याचे चिन्ह करून टाकलेले असते.

एक छोटा प्रयोग

हा प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. साहित्य म्हणून खडू आणि फळा पुरेसा. समजा, वाशीम जिल्ह्यातल्या आठवीच्या एका मुलाने निबंधात दोन वाक्ये लिहिली:

'घरी आलो तं चूल इझली होती. माय काईच बोलली नाही.'

प्रयोगाचा नियम नेहमीचाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे.

पहिला बदल भाषेचा. 'घरी आलो तर चूल विझली होती. आई काहीच बोलली नाही.' माहिती तीच राहिली. विझलेल्या चुलीतून जे सुचत होते तेही बहुतेक टिकले. पण बोलणारा मुलगा दूर गेला. आता हे वाक्य कोणत्याही गावच्या, कोणत्याही घरच्या मुलाचे असू शकते.

दुसरा बदल वस्तूचा. 'घरी आलो तं दिवा इझला होता. माय काईच बोलली नाही.' आता मुलगा तोच आहे, त्याचा आवाजही तोच आहे. पण अर्थ सरकला. दिवा विझणे म्हटले की आपले मन लगेच मृत्यूकडे किंवा अपशकुनाकडे जाते. चुलीच्या विझण्यात भूक होती, ती नाहीशी झाली.

तिसरा बदल जोडणीचा. 'घरात खायाले काई नव्हतं म्हून चूल इझली होती आणि माय दुःखी होती.' हे झाले 'सरळ सांगणे'. माहिती वाढली, पण परिणाम घटला. असे का व्हावे? मूळ वाक्यांत चूल आणि माय यांच्यामध्ये 'म्हणून' हा शब्द नव्हता. तो दुवा वाचकाने स्वतः जोडला होता, आणि स्वतः जोडलेला दुवा मनात पक्का बसतो. शिवाय मूळ वाक्यांत माय दुःखी होती, रागावलेली होती की लाजलेली, हे मुलालाही कळलेले नव्हते. त्याचे ते न कळणे हा त्या प्रसंगाचाच भाग होता. 'दुःखी' या एका शब्दाने तो पुसला गेला.

पहिल्या बदलात शैली बदलली आणि प्रतीक राहिले. दुसऱ्यात प्रतीक बदलले आणि शैली राहिली. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून दाखवता येतात. तिसऱ्या बदलाने आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दिले. लेखक सरळ सांगत नाही, कारण काही अर्थ सरळ सांगितल्याने कमी होतात.

गोदावरीकाठचा सिंह

उरलेला निम्मा प्रश्न असा की, वाचकाने काढलेला अर्थ बरोबर कशावरून? प्रत्येकाने आपापला अर्थ काढायचा तर वाचनाला शिस्त ती कोणती?

या प्रश्नावर नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' हा ग्रंथ लिहिला. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'मधले, म्हणजे आपल्याच मातीतले आहे. प्रसंग असा. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की, बाबा, आता खुशाल हिंडा. तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे आज मारले गेले. गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले.

शब्द म्हणतात 'या'. अर्थ निघतो 'येऊ नका'. कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या झाडीत कशाला पाऊल टाकील? ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे आणि या माणसाचे तिथे येणे तिला नको आहे. हे तिने कुठेच म्हटलेले नाही. आनंदवर्धन या सुचलेल्या अर्थाला 'ध्वनी' म्हणतो.

पण हा अर्थ कुणाची लहर नव्हे. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, तो कशाला भितो, जागा कोणती आणि आधीच्या भयापेक्षा नवे भय मोठे की लहान, हे सारे पुरावे गाथेतच आहेत. सिंहाच्या जागी ससा घालून पाहा, अर्थ कोसळतो. असा पुरावा दाखवता आला तर अर्थ ग्राह्य, नाही तर तो वाचकाचा अंदाज. गृहीतक मांडायचे, ते पुराव्याशी ताडायचे आणि न जुळल्यास सोडून द्यायचे, ही शिस्त आपल्या ओळखीचीच आहे.

वत्सगुल्मातले लग्न

आता शैलीकडे वळू. त्यासाठी फार दूर जायला नको, वाशीमलाच थांबू.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, पण गाव फार जुने आहे. प्राचीन नाव वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ साली इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात राजवंशाची थोरवी सांगणारा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा! मिरवायचे ते एका भाषेत आणि लोकांना कळायला हवे ते दुसऱ्या भाषेत. कोणती भाषा निवडली, यातूनही अर्थ सांगितला जातो तो असा.

या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनाने त्याचा उल्लेख केला आहे. तोही एका नेमक्या मुद्द्यासाठी. जुनी कथा जशी मिळाली तशी लिहिणे हे कवीचे काम नव्हे. रसाला बाधा येत असेल तर कवीने कथा बदलावी. ज्यांनी असे केले त्यांत तो कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतो. पुढे कुंतकानेही सहज सुकुमार शैलीचे कवी म्हणून कालिदास आणि सर्वसेन ही नावे जोडीने दिली.

याच गावाचा उल्लेख एका सुरस कथेत येतो. इसवी सन ९०० च्या सुमारास कनौजच्या दरबारात असलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याहून छापला गेला. त्यात काव्यपुरुष हा सरस्वतीचा मुलगा आहे. तो रुसून निघून जातो. त्याला प्रेमाने बांधून आणण्यासाठी पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्या मागे पाठवते. ती आधी पूर्वेकडे जाते, मग पांचालात, अवंतीत आणि दक्षिणेत. प्रत्येक प्रदेशात तिचा वेष बदलतो, नृत्य बदलते आणि काव्यपुरुषाची बोलण्याची रीतही बदलते. पूर्वेला त्याचे मन तिच्याकडे वळलेले नसते, तेव्हा तो लांबलचक समासांनी भरलेले बोलतो. ती गौडी रीती. पांचालात मन थोडे वळते, समास आखूड होतात, ती पांचाली. दक्षिणेत तो पूर्ण वश होतो आणि समास गळून पडतात, ती वैदर्भी. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचे गांधर्व पद्धतीने लग्न लागते. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात तर या रीतीचे नावच 'वच्छोमी' असे येते. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. आजच्या शब्दांत सांगायचे तर वाशीमची.

राजशेखराला हे चार ओळींच्या कोष्टकात सांगता आले असते. मग गोष्ट कशाला? कोष्टकाने 'वैदर्भीत समास नाहीत' एवढेच कळते. समास का नाहीत, हे गोष्टीतून कळते. मन मोकळे झाले की वाक्य हलके होते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात दुरावा असला की भाषा अवजड होते. सरकारी पत्र आणि घरचे पत्र शेजारी ठेवले तरी हे दिसेल.

जे मोजता येते

विज्ञानाच्या वाचकाला पुढची गोष्ट आवडेल. राजशेखराच्या आधी रुद्रटाने रीती चक्क मोजून सांगितल्या होत्या. समास मुळीच नसेल तर वैदर्भी, दोन-तीन पदांचा असेल तर पांचाली, पाच ते सात पदांचा असेल तर लाटी आणि त्याला मर्यादाच नसेल तर गौडी. जवळजवळ हजार वर्षांनी, १८८७ साली, टी. सी. मेंडेनहॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने लेखकांच्या शब्दांतली अक्षरे मोजून आलेख काढले. वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखावे तसा शब्दांच्या लांबीवरून लेखक ओळखता येईल, अशी त्याची कल्पना होती. १९६४ साली मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या 'फेडरलिस्ट' लेखांपैकी वादग्रस्त लेखांचा लेखक किरकोळ वाटणाऱ्या शब्दांच्या वारंवारतेवरून ठरवला.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी करून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नाव असे लपवता येते. वाक्याची लांबी, आवडते अव्यय, थांबण्याची लकब लपवणे मात्र फार कठीण.

तरी मोजणीची मर्यादा ओळखली पाहिजे. समास मोजून रीती ठरेल, काव्य चांगले की वाईट ते ठरणार नाही. आणि वैदर्भी म्हटल्यावर वैदर्भीयांनी छाती फुगवण्याचेही कारण नाही. वामनाने आधीच बजावले आहे की, त्या त्या प्रदेशात आढळल्या म्हणून रीतींना तशी नावे पडली, प्रदेशाने काव्यात काही गुण घातला असे नव्हे.

प्रतीकाची उलटतपासणी

राजशेखराच्या गोष्टीत एक खटकणारी जागा आहे, ती टाळून चालणार नाही. काव्यपुरुषाच्या शरीराचे वर्णन करताना तो संस्कृताला मुख म्हणतो, प्राकृताला बाहू, अपभ्रंशाला जघन आणि पैशाचीला पाय. मुख, बाहू आणि पाय ही उतरंड आपल्या फार ओळखीची आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात समाजाची मांडणी अशीच शरीरावर केली आहे. राजशेखर स्वतः प्राकृताचा चाहता होता. त्याने अख्खे नाटक प्राकृतात लिहिले. पण प्रतीक निवडताना त्याने भाषांना पायऱ्या लावल्या.

'संस्कृत श्रेष्ठ, पैशाची कनिष्ठ' असे त्याने सरळ विधान केले असते तर कुणीतरी विचारले असते, कशावरून? शरीराचे रूपक आल्यावर प्रश्नच उठत नाही, कारण डोके वर आणि पाय खाली हे तर डोळ्यांना दिसतेच. प्रतीकाची ताकद आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी आहे. सूचित अर्थ वाचकाच्या मनात पक्का बसतो असे आपण वर पाहिले. चुकीचा अर्थही तसाच पक्का बसतो. म्हणून प्रतीक समजून घेणे हे अर्धे वाचन झाले. त्याला 'हे असेच का?' असे विचारणे हे उरलेले अर्धे.

धग

वऱ्हाडातल्या लेखकांनी या प्रश्नाला कादंबरीतून उत्तर दिले. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातली कौतिक ही गरीब घरातली बाई संसार सावरण्यासाठी अखेरपर्यंत झगडते. नावच पाहा. 'आग' नाही, 'ज्वाला' नाही, तर धग. आग दिसते, धग दिसत नाही. जवळ असलेल्यालाच ती लागते. भौतिकशास्त्रात आपण उष्णतेचे प्रारण शिकवतो, तेच हे. विस्तवाला हात न लावताही होरपळायला होते. दारिद्र्य असे दुरून दिसत नाही, आत राहणाऱ्याला भाजते, हे या एका शब्दाने सुचवले. आणि शब्द घरातलाच, चुलीजवळचा.

शैलीची निवड तितकीच महत्त्वाची. 'धग'मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद वऱ्हाडीत. आपला पहिला बदल इथे करून पाहावा. कौतिकचे बोलणे प्रमाण भाषेत आणले तर घटना त्याच राहतील, पण कौतिक उरणार नाही. म्हणजे वऱ्हाडी ही इथे गावरान चव आणण्यासाठी टाकलेली फोडणी नाही, तिच्यावर माणूस उभा आहे. त्याच वेळी वत्सगुल्माचा ताम्रपट आठवतो. तिथेही दोन भाषा होत्या, पण मोठेपणा एकीचाच होता. इथे निवेदक प्रमाण भाषेत बोलत असला, तरी वाचकाच्या लक्षात राहते ती कौतिकचीच भाषा. तरीही निवेदनाला ती भाषा का मिळू नये, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्याजोगा आहे.

पुढे वाशीमचेच शिक्षक-लेखक नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ' या कादंबरीला १९९५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. ज्या गावाचे नाव एकेकाळी एका रीतीला मिळाले होते, तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या माणसाने उपेक्षितांच्या जगण्याची कादंबरी लिहावी, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

लाल शाई

आता पुन्हा त्या आठवीतल्या मुलाकडे येऊ. त्याची वही आपल्यासमोर आहे. 'तं', 'इझली', 'माय' आणि 'काईच' या शब्दांखाली लाल रेघ ओढायची की नाही?

प्रमाण भाषा शिकवणे हे आपले काम आहे, ते टाळता येणार नाही. परीक्षा, अर्ज, वर्तमानपत्र आणि विज्ञानाची पुस्तके यांचा रस्ता तिथून जातो. पण 'अशुद्ध' असा शेरा मारण्यापूर्वी दोन वाक्यांत काय काय साधले आहे ते पाहावे. मुलाने प्रतीक शोधले, तेही न सांगता. 'म्हणून' टाळले. समास नाही, अलंकार नाही, वाक्ये आखूड. राजशेखराने वत्सगुल्मात ज्या रीतीचे लग्न लावले, तिच्या पुष्कळशा खुणा या दोन वाक्यांत आहेत. लाल शाईने आपण चार शब्द दुरुस्त करू, पण पुढच्या वेळी तो मुलगा चूल लिहिणार नाही. तो मार्गदर्शकातले 'दारिद्र्याचे चटके' लिहील आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील.

त्यापेक्षा वर केलेला प्रयोग त्याच वाक्यांवर फळ्यावर करावा. वऱ्हाडी वाक्य आणि प्रमाण वाक्य शेजारी लिहावे आणि विचारावे: काय राहिले? काय गेले? अर्जात कोणते वापराल, गोष्टीत कोणते? मुलांना दोन्ही भाषा येतील आणि कोणती केव्हा वापरायची हेही कळेल. शैली म्हणजे तरी दुसरे काय?

आणि "लेखकाने सरळ का नाही सांगितलं?" असे विचारणारा विद्यार्थी पुन्हा उभा राहिला, तर त्याला खाली बसवू नये. खडू त्याच्या हाती द्यावा आणि म्हणावे, "तू सरळ सांगून पाहा."